थोरली की धाकटी

बाईंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, पाय राहत. यात त्यांचा काही दोष नव्हता. परवाना कार्यालयाच्या मागच्या मैदानात, पत्र्याच्या शेडखाली खुर्ची टाकून आणि गळ्यात शिट्टी अडकवून त्यांनी सगळी नोकरी काढली, आणि त्या नोकरीत बघायचं ते फक्त खालीच होतं. डांबरावर पांढऱ्या रंगानं भला मोठा आठ काढलेला. उमेदवारानं दुचाकी घेऊन त्या आठावरून सावकाश जायचं, पाय न टेकता. टेकला की शिट्टी, आणि शिट्टी वाजली की नापास. मग तो मोठा डॉक्टर असो नाहीतर कोपऱ्यावरचा दूधवाला, बाईंच्या लेखी सगळे बूट सारखे.

त्यामुळे बँकेत, बाजारात, कुणाच्या लग्नात कोणी "ओळखलंत का बाई?" म्हणत पुढ्यात आलं, की त्या आधी चेहऱ्याकडे कोऱ्या नजरेनं बघायच्या. मग नजर हळूच खाली घसरायची, आणि चपला दिसल्या की बाईंचा चेहरा उजळायचा. "अच्छा, तुम्ही होय! दुसऱ्या वळणावर उजवा पाय!" समोरचा माणूस बायकोपोरांसकट तिथून काढता पाय घ्यायचा. पोस्टमनला तर त्या 'दोन्हीपाय' म्हणूनच ओळखत. त्यानं एकदा आठाच्या ऐन मधोमध दोन्ही पाय टेकून, गाडी थांबवून, बाईंना सलाम ठोकला होता. तोही नापास झाला, हे वेगळं सांगायला नको.

बाई स्वतः उंचीनं बेताच्या. 'बेताच्या' हा शब्दसुद्धा जरा उदारपणे वापरला आहे. निवृत्तीच्या समारंभात साहेब भाषणात "मूर्ती लहान पण कीर्ती महान" असं म्हणाले, तेव्हा बाईंनी त्यातला उत्तरार्ध तेवढा ऐकून घेतला. उंचीचा विषय घरात कोणी काढत नसे. वरच्या फळीवरचा डबा हवा असला की नवरा आपणहून उठायचा आणि "मलाच जरा काहीतरी बघायचं होतं" असं पुटपुटत तो खाली काढून ठेवायचा. नवरा पुस्तकं बांधायचं काम करी, त्यामुळे तुटू लागलेलं वेळीच कसं सांधावं हे त्याला बरोबर कळे.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे बाईंची नणंद. नवऱ्याची मोठी बहीण, म्हणून बाई त्यांना वन्सं म्हणत. वन्सं टेलिफोन कचेरीत होत्या. लांबच्या गावी बोलायचं तर मध्ये बसून कोणीतरी दोन तारा जोडून द्याव्या लागत, त्या काळातल्या. कानाला यंत्र लावून त्यांनी आयुष्यभर लोकांना गावोगाव पोचवलं आणि स्वतः खुर्चीतून हलल्या नाहीत. डोंगरापलीकडच्या एका गावाच्या लाईनवर सतत वारा ऐकू येई, एका बंदरातल्या ऑपरेटरला बोलताना मध्येच हसू फुटे, एका खाणीच्या गावात मागे कुठेतरी कोंबडा आरवत असे, भरदुपारीसुद्धा. त्या कोंबड्यानं वेळापत्रक का पाळलं नाही, हे कोडं वन्संना निवृत्तीनंतरही सुटलं नव्हतं.

"एकदा जाऊन बघायला हवीत गं ती गावं," वन्सं एका संध्याकाळी चहा पिताना म्हणाल्या.

"मग त्यात काय! मी नेते," बाई म्हणाल्या.

झालं. शब्द तोंडातून निसटला आणि वन्संनी तो पदराला गाठ मारावी तसा पक्का धरून ठेवला. बस त्या गावांना जात नव्हती. गेली तरी अलीकडच्या फाट्यावर सोडून देई आणि पुढे डांबरही संपत असे. चारचाकी बाईंना आवडायची नाही, कारण चारचाकीला पाय टेकता येत नाहीत, मग परीक्षा घ्यायची कशाची? तेव्हा मोटरसायकलच. अडचण एकच होती. वन्संचा गुडघा नुकताच बदललेला होता. डॉक्टरांनी त्यांना सगळं करायची मोकळीक दिली होती, पडायची सोडून.

गाडी कुठली घ्यायची हे ठरायला वेळ लागला नाही. लांबच्या आणि वाईट रस्त्यांसाठीच बनवलेली, भरपूर पेट्रोल मावणारी, मागे ऐसपैस सीट आणि दोन्ही बाजूंना पेट्या लावता येणारी एक गाडी दोघींच्या मनात भरली. घोडं पेंड खायला लागलं ते शोरूममध्ये गेल्यावर. त्या गाडीचे दोन प्रकार होते. इंजिन तेच, टाकी तीच, रंगही तोच. पण एक होती मुख्यतः पक्क्या रस्त्यासाठी, ओतीव चाकांची, वारा अडवायला मोठी काच असलेली, आणि बसकी. दुसरी होती रानावनात घुसायची. तारांची चाकं, पुढचं चाक मोठं, सस्पेन्शन लांबलचक, आणि सीट अशा उंचीवर की चढायचं म्हणजे आधी मनाची तयारी करावी.

"ही थोरली जाऊ आणि ही धाकटी," वन्संनी उभ्या उभ्या बारसं उरकलं. "थोरलीचा रुबाब बघ की!"

बाई बघतच होत्या. त्यांना थोरली आवडली होती. अगदी मनापासून, लहान मुलाला दुकानातली वस्तू आवडावी तशी आवडली होती.

तेवढ्यात सेल्समन हसत हसत पुढे आला. "या मॅडम! ओळखलंत का?"

बाईंनी त्याचे चकचकीत बूट पाहिले. "डावा पाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा आलास तेव्हाही डावाच."

"तिसऱ्यांदाही," तो अभिमानानं म्हणाला.

हा डावापाय मोठा बेरकी माणूस होता. थोरली त्याच्या शोरूममध्ये बरेच दिवस पडून होती. येणारा प्रत्येक जण तिच्याशेजारी उभा राहून फोटो काढायचा आणि धाकटी घेऊन घरी जायचा. मालक रोज त्याला तिच्यावरून टोमणे मारत. आता बाई दारात उभ्या पाहून त्याच्या डोक्यात जे शिजलं, त्यात धंदा किती होता आणि जुना हिशेब चुकता करण्याची हौस किती होती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"धाकटी चांगलीच आहे मॅडम," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण खरं सांगू का? ती कोणासाठी? तर ज्यांना पाय टेकावा लागतो ना, त्यांच्यासाठी. तुम्हाला कशाला लागतोय पाय टेकायला!"

बाण बरोबर बसला. बाईंची मान ताठ झाली.

"बसून बघा ना थोरलीवर."

"बसून काय बघायचंय?" बाई फटकन म्हणाल्या. "सोफा आहे का तो?"

त्या बसल्या नाहीत. बसल्या असत्या तर त्यांचे पाय लोंबकळताना डाव्यापायानं पाहिले असते, आणि त्यापेक्षा त्यांनी पायीच गावोगाव फिरणं पत्करलं असतं. वन्सं मात्र दोन्ही गाड्यांच्या मागच्या बाजूला जाऊन, पाय ठेवायच्या दांड्या कुठे आहेत ते वाकून बघत होत्या. बघून झाल्यावर त्यांनी गुडघ्यावरून नुसता हात फिरवला.

"तुम्हाला कुठली बरी वाटते वन्सं?"

"दोघी छानच आहेत," वन्सं म्हणाल्या. "तू म्हणशील ती."

वन्संचं हे असंच. कोणाला न दुखावता दोन टोकं जोडून द्यायची, इतकंच त्यांनी आयुष्यभर केलेलं. मधल्या माणसानं आपलं मत सांगायचं नसतं, हा तिथला नियम होता.

घरी आल्यावर बाईंनी नवऱ्याला मत विचारलं. त्यानं हातातल्या पुस्तकाला खळ लावता लावता दोन्ही गाड्यांचं वर्णन शांतपणे ऐकून घेतलं. स्टुलावर चढलं तरी त्याला गरगरायचं. "दोन्हींना दोनच चाकं आहेत ना?" तो म्हणाला. "मग माझं मत मला विचारूच नकोस. तुम्ही परत आलात की मला सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी वन्सं हॉलमध्ये आल्या, तर बाई इस्त्रीच्या टेबलावर स्वार झालेल्या होत्या. डोक्याला हेल्मेट, खाली दोन उशा, हातात लाटण्याचं हँडल. एक पाय अधांतरी आणि दुसऱ्याचा अंगठा फरशीचा शोध घेत ताणलेला. अंगठ्याला फरशी सापडायची, पण त्यासाठी बाईंना सीटवरून अर्धं खाली घसरावं लागत होतं, आणि मग टेबल एका अंगाला कलत होतं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. उंचीचा विषय काढायचा नाही, हा घरचा नियम वन्संनाही लागू होता.

"इस्त्री करतेयस का?" त्यांनी विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या.

"बरं," म्हणून वन्सं पाणी पिऊन आत निघून गेल्या.

इथे कुठलाही शहाणा माणूस धाकटी घेऊन मोकळा झाला असता. पण शहाणपण आणि मान ही दोन भांडी एका फळीवर ठेवली की आवाज होतोच. बाईंच्या डोळ्यांपुढे आपण आजवर नापास केलेलं अख्खं शहर उभं राहिलं. सिग्नलला आपण बसक्या गाडीवर पाय टेकून उभ्या आहोत आणि फुटपाथवरून कोणीतरी म्हणतंय, "बघा बघा, बाईंना टेकावा लागतो!" छे. ते शक्य नव्हतं. आणि धाकटी घ्यायची तर तिनं आपली लायकी सिद्ध करून दाखवायला हवी होती. आपल्याला वाटतं म्हणून कोणाला पास किंवा नापास करायचं, ही बाईंची पद्धतच नव्हती.

म्हणून त्यांनी पद्धतशीर मार्ग काढला. दोन्ही गाड्यांची परीक्षा घ्यायची. आपल्याच मैदानावर, आपल्याच आठावर. जी गाडी पाय टेकू देणार नाही ती घ्यायची. दोघी पास झाल्या तर थोरली, कारण मोठ्या जावेचा मान पहिला.

डाव्यापायाला फोन गेला. सुट्टीच्या दिवशी सकाळी दोन्ही गाड्या मैदानावर आण, आणि कोणाला सांगू नकोस. त्यानं शब्द दिला आणि पाळलाही. फक्त पोस्टमनला सांगितलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी बाई आणि वन्सं मैदानाच्या फाटकातून आत शिरल्या, तर कुंपणाला लागून माणसंच माणसं. बाईंनी सवयीनं नजर खाली टाकली. सगळे ओळखीचे पाय होते. तुटक्या पट्ट्याची चप्पल, लाल टाचेचा बूट, गाणं शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंच्या निळ्या सपाता, आणि सर्वांत पुढे दोन्हीपाय, टपालाची पिशवी खांद्याला लावून. सुट्टीच्या दिवशी टपाल नसतं, पण पिशवीत शेंगदाणे होते.

"सहज फिरायला आलो होतो बाई," तो म्हणाला.

"सगळे?"

"हवा चांगली आहे ना."

आता माघार नव्हती. बाईंनी आधी धाकटी घेतली. क्लच अर्धा दाबलेला, मागच्या ब्रेकवर पाय हलकाच, नजर वळणाच्या पुढे. पहिलं वळण, मधली फुली, दुसरं वळण. गाडी रेघेवरून अलगद गेली. पांढरी रेघ ओलांडून बाई थांबल्या, उतरल्या आणि गाडी स्टँडला लावली. कोणी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. इतक्या नीट झालेल्या गोष्टीत बघण्यासारखं काय असतं?

मग थोरली. डाव्यापायानं ती शेडच्या पायरीला लागून धरली. बाई पायरीवर चढल्या आणि तिथून सीटवर. उंचावरून मैदान वेगळंच दिसत होतं. कधी नव्हे ते त्यांना माणसांची डोकी दिसली. इंजिन चालू झालं आणि थोरली निघाली.

आणि काय निघाली! पहिलं वळण तिनं असं घेतलं की पोस्टमनच्या हातातले शेंगदाणे हातातच राहिले. मधली फुली, दुसरं वळण. एवढी उंच, एवढी जड गाडी बाईंच्या दोन बोटांच्या धाकात होती. बाईंचा ऊर भरून आला. रेघ ओलांडली, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि बाईंनी थांबण्यासाठी उजवा पाय खाली सोडला.

पाय खाली गेला. आणखी खाली गेला. जमीन काही आली नाही.

बाईंनी पाय झटकन वर घेतला, गाडीला जरा वेग दिला आणि जणू ठरवूनच आणखी एक आठ काढायला घेतला.

घोटाळा कुठे झाला होता, ते बाईंना पहिल्या वळणावरच कळलं. त्यांची परीक्षा आठ संपला की संपायची. उमेदवारानं रेघ ओलांडली की त्या मान वळवून पुढच्याला हाक मारायच्या. पुढे तो थांबतो कसा, पाय कुठे ठेवतो, त्याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. इतक्या वर्षांत त्यांनी हजारो माणसांना चालताना पाहिलं होतं आणि एकालाही थांबताना पाहिलं नव्हतं. धाकटीवर त्या स्वतः थांबल्या, तेव्हा दोन्ही पाय कधी खाली गेले हेही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

लोकांनी दुसऱ्या आठालाही टाळ्या दिल्या. तिसऱ्याला जरा कमी. त्यानंतर टाळ्या थांबल्या आणि माणसं नुसती बघायला लागली. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी बाईंची गत झाली होती. अर्धवट घसरून अंगठा टेकावा, तर तो सगळ्यांदेखत टेकणार, आणि गाडी कलली तर बाईंसकट आडवी होणार. एखाद्या फुटपाथच्या कडेला जाऊन थांबता आलं असतं. पूर्वी मैदानाला तशी कड होती. चलाख उमेदवार तिच्यावर चोरून पाय ठेवतात म्हणून बाईंनीच अर्ज करून ती उखडून काढायला लावली होती. शेडची पायरी मात्र शाबूत होती, पण तिच्यावर आता मास्तरीणबाई आणि आणखी चौघंजण चांगलं दिसावं म्हणून चढून उभे होते.

"मॅडम रंगात आल्यात," डावापाय वन्संना म्हणाला.

"रंगात नाही रे बाबा, अडचणीत आलीय," वन्सं म्हणाल्या. लाईनवर कोणी बोलायचं थांबलं की पलीकडे काय झालंय, हे त्यांना ऐकून कळायचं. "तिला थांबता येत नाहीये. पेट्रोल संपेपर्यंत फिरेल ती."

डावापाय पांढरा पडला. "टाकी फुल करून आणलीय हो मी."

इकडे बाईंना भीती वाटू लागली होती. खरीखुरी. हात भरून आले होते. आठ काढताना खाली बघायचं नसतं, समोर बघायचं असतं, म्हणून नाइलाजानं त्या समोर बघत होत्या, आणि प्रत्येक फेरीला तेच चेहरे पुढे येत होते. पोस्टमनला टपोऱ्या मिशा आहेत, हे त्यांना आज कळलं. लाल टाचेच्या बुटातल्या बाईच्या गालाला खळी होती. एकही चेहरा कुत्सित नव्हता. उलट सगळे श्वास रोखून उभे होते, जणू तेच गाडीवर होते, आणि ते कसं वाटतं हे त्यांच्याइतकं दुसरं कोणाला ठाऊक असणार!

पुढच्या वळणाला बाईंनी तोंड उघडलं. आधी आवाजच फुटला नाही. मग शिट्टीलाही लाजवेल असा निघाला.

"अहो, बघताय काय! धरा ना कोणीतरी!"

कुंपणाकडून अशी झुंबड उडाली की कोण कुठून येतंय ते कळेना. पोस्टमननं हँडल धरलं. मास्तरीणबाई सपाता टाकून धावल्या आणि त्यांनी सामान बांधायची मागची जाळी पकडली. डाव्यापायानं तर बाजूला लावलेल्या पेटीलाच मिठी मारली. गाडी थांबली. बाई वर बसलेल्या, पाय दोन्हीकडे अधांतरी, आणि खाली नापास झालेल्यांचा गराडा.

"पास!" कोणीतरी ओरडलं. "बाई पास!" मग एकच गलका झाला. "थोरलीच घ्या बाई! काय काढला आठ! दुसरी बघूसुद्धा नका!"

बघा आता. ज्यांच्या भीतीनं बाईंनी एवढा उपद्व्याप केला, तीच माणसं त्यांना थोरलीवर बसवायला निघाली होती. डाव्यापायानं खिशातून पेन काढलं. बाईंच्या गालांवर रंग चढला. उंचावरून सगळं सोपं वाटतं, आणि टाळ्या ऐकू येत असताना तर फारच सोपं. "आता सवयच करायची आहे," त्या म्हणाल्या. "थांबायची तेवढी."

"थांब," गर्दीतून वाट काढत वन्सं पुढे आल्या. "मलाही बसून बघू दे."

लोकांनी वाट दिली. वन्संनी बाईंच्या खांद्यापर्यंत हात नेऊन पाहिला, तो पोचला नाही. त्यांनी पेटीला धरलं आणि चांगला पाय दांडीवर ठेवला. वजन पडताच थोरली त्यांच्या अंगावर झुकली. पोस्टमन ओरडला, मास्तरीणबाईंनी जाळी ओढली, आणखी चार हात पुढे आले आणि गाडी कशीबशी सरळ झाली. वन्सं वर जाऊन बसल्या. बसल्या तेव्हा त्यांचा चेहरा आवळलेला होता, आणि नव्या गुडघ्यावर त्यांनी पंजा घट्ट दाबून धरला होता.

थोडा दम खाऊन त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. हँडलला पोस्टमन, जाळीला मास्तरीणबाई, पेटीला सेल्समन, शिवाय बाकीचे.

"मंडळी फार चांगली आहेत गं," वन्सं म्हणाल्या. "ही सगळी आपल्याबरोबर येणार आहेत का?"

सगळं मैदान खो खो हसलं. पोस्टमन तर इतका हसला की हँडल सुटता सुटता राहिलं. बाई हसल्या नाहीत. वन्सं कधी मत देत नसत, आणि आज त्यांनी सगळ्यांदेखत दिलं होतं, तेही कोणाला बोचणार नाही अशा आवाजात. चहाच्या वेळी दिलेला आपला शब्द बाईंना आठवला. थोरलीवरून एकट्यानं आठ काढता आला असता. दुसऱ्या कोणाला वर घ्यायचं, तर ते जमलं नसतं.

लोकांनी दोघींना उतरवून घेतलं. बाईंनी थोरलीच्या टाकीवरून एकदा हात फिरवला. वाईट वाटलं. ते लपवायचं कारण नव्हतं आणि त्यांनी लपवलंही नाही. मग त्या ताड ताड चालत धाकटीपाशी गेल्या, बसल्या, ती आठाच्या बरोबर मधोमध आणली आणि थांबवली. दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. नुसते अंगठे नाहीत, टाचांसकट, फाकवून.

इतक्या वर्षांत पोस्टमनला अशी संधी आली नव्हती. "बाई!" तो आनंदानं ओरडला. "दोन्ही पाय!"

"मग?" बाई मान न वळवता म्हणाल्या. "माणूस चढतंय ना."

वन्संनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. तो सहज पोचला. पाय दांडीवर ठेवला, मग त्या जरा थांबल्या. गुडघ्यानं आपला वेळ घेतला. गाडी तसूभरही हलली नाही. वन्सं वर आल्या, ऐसपैस बसल्या, आणि बाई गाडी घेऊन फाटकातून बाहेर पडल्या.

"मॅडम!" मागून डावापाय धावत होता. "मॅडम, गाडी अजून तुमची झालेली नाही!"

पहिल्याच चौकात लाल दिवा लागला. बाईंनी दोन्ही पाय टेकले. फुटपाथवरून माणसं जात होती. कोणी वळून पाहिलं नाही.

वन्सं पुढे वाकून त्यांच्या हेल्मेटपाशी बोलल्या. "मला वाटलं होतं, तू थोरलीच घेशील."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझा जीव बसला होता तिच्यावर. म्हणून मी आपली तयारी करून ठेवली होती. गुडघ्याचा व्यायाम घेते ना ती मुलगी, तिच्याकडून शिकून घेतलं, गाडी कलली तर गुडघा वाचवून कुशीवर कसं पडायचं ते. रोज दार लावून गादीवर पडत होते. छान जमायला लागलं होतं गं."

हेल्मेटच्या आत बाईंना रडू फुटलं आणि त्याच दमात, दार लावून गादीवर धपाधप पडणाऱ्या वन्सं डोळ्यांपुढे येऊन, हसूही फुटलं. दोन्ही एकदम आवरता येईनात. पाय तेवढे त्यांनी जमिनीवर घट्ट रोवून धरले.

"एवढी तयारी केलीत आणि वाया गेली की," त्या कशाबशा म्हणाल्या.

"जाऊ दे," वन्सं म्हणाल्या. "प्रत्येक परीक्षा द्यायलाच हवी असं थोडंच आहे."

दिवा हिरवा झाला. मागची रिक्षा हॉर्न वाजवायला लागली, तरी बाईंनी पाय उचलायला जरा वेळच घेतला.